काउंटरवर वाजणारी कॅसेट

कॅसेटच्या दुकानात दिवसभर काही ना काही वाजत असतं, आणि ते काय असावं हे कुणीतरी ठरवत असतं. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या परिसरातल्या एका दुकानात हे ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. बिलं करणं, मागवायच्या मालाची यादी लिहिणं, कपाटं पुसणं हीही कामं होती. पण माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं काम तेच. काउंटरवरच्या डेकमध्ये कॅसेट सरकवली, बटण दाबलं, की आपण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो, सध्या मी हे ऐकते आहे आणि मला हे आवडलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कॅसेटचा व्यवहार मावळेपर्यंत मी हे सांगत आले. आवडलेलं गाणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि ते पोचलं तर त्यासारखा दुसरा आनंद नाही, या दोन्ही गोष्टी मी त्या काउंटरमागे शिकले.

मिरज हे गाव अशा कामाला फार चांगलं. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे आणि उरुसात तिथे दरवर्षी गाणं होतं. हिराबाई बडोदेकरांचा जन्म 1905 साली इथलाच. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात. शिवाय हे रेल्वेचं जंक्शन. एके काळी मोठी, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ या एका गावात येत होते. त्यात दवाखान्यांचं गाव. त्यामुळे आमच्याकडे गवई यायचे, वाजंत्री यायचे, पंढरपूरच्या गाडीतून उतरलेले वारकरी यायचे, आणि पेशंटला दवाखान्यात ठेवून बाहेर पडलेले, वेळ कसा काढावा हे न कळणारे कर्नाटकातले नातेवाईकही यायचे.

एचएमव्हीचा एकछत्री अंमल मोडून टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटी बाजारात आल्या, तो हा काळ. टेपरेकॉर्डर शेतावरच्या वस्तीत, ट्रकच्या केबिनमध्ये, पानाच्या ठेल्यावर पोचला होता. विक्रीचं वर्ष आमच्याकडे पंचांगाप्रमाणे चालायचं. आषाढाआधी भीमसेनजींची संतवाणी आणि प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, भाद्रपदात आरत्या, उरुसाला कव्वाल्या, एप्रिलमध्ये भीमगीतं, जत्रांच्या दिवसांत कवलापूरच्या काळू-बाळूंचे वग. गिऱ्हाईक कॅसेट घेण्याआधी हमखास म्हणायचं, "जरा वाजवून दाखवा की." मग सील फोडायचं, डेकमध्ये घालायचं आणि दोघांनी मिळून ऐकायचं. त्या दोन-चार मिनिटांत माणसाचा चेहरा बघण्याची मला सवय लागली.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला एक नियम घालून दिला होता. "दुपारभर खपणारं लाव. पण सकाळी उघडल्यावरचा पहिला तास आणि रात्री बंद करायच्या आधीचा तास तुझा. त्यात तुला आवडेल ते." सकाळी आल्यावर आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं डेकचं हेड पुसायचं, कारण रस्त्याची धूळ त्यावर बसली की आवाज खरवडल्यासारखा येतो. सैल पडलेली टेप पेन्सिलीनं गुंडाळून घट्ट करायची. मग सकाळचा राग. रात्री यमन, भूप, बागेश्री. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे माझ्या तासात एकच कॅसेट पुरी व्हायची. त्यामुळे निवड नीट करावी लागे. तासाला एकच गोष्ट सांगता येणार असेल, तर माणूस मनात घोळत असलेलीच गोष्ट सांगतो.

किशोरीताई आमोणकरांचा भूप मी कितीतरी रात्री लावला असेल. त्या दिवसांत मी दुसरं काही ऐकतच नव्हते. अशाच एका रात्री दूध संघात काम करणारे एक काका आरत्यांची कॅसेट न्यायला आले आणि काउंटरला टेकून उभे राहिले. "ह्ये काय लावलंय हो ताई? त्येच त्येच किती येळा म्हणायचं?" प्रश्न अगदी प्रामाणिक होता. "फार मोठ्या गायिका आहेत, काका" असं उत्तर दिलं असतं तर ते मान डोलावून निघून गेले असते. मी म्हणाले, "काका, या रागात पाचच सूर आहेत. सा, रे, ग, प, ध. त्यातला हा एक गंधार, ऐका, आत्ता आला तो. आता पाच मिनिटं बाकी काही ऐकू नका. तो प्रत्येक वेळी कुठून येतो आणि किती थांबतो, एवढंच बघा." मी तोंडानं सूर म्हणून दाखवला. ते पाच मिनिटांपेक्षा बराच वेळ थांबले. पुढे काही दिवसांनी परत आले ते म्हणतच, "ताई, त्यो गंधार परतेक येळी येगळाच येतोय की! येकदा खालनं चढून, येकदा वरनं उतरून." त्यांनी ती कॅसेट नेली. शास्त्रीय संगीताबद्दलचं एक अवाक्षर न वाचता त्यांना भूपाचा प्राण सापडला होता.

त्या दिवसापासून गाणं सांगण्याची माझी पद्धत ठरली. "छान आहे" या शब्दांनी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याला उभं राहायला जागा द्यावी लागते. आमच्या गाणाऱ्यांच्या भाषेत "जागा" हा फार नेमका शब्द आहे. जिथे गायकानं काहीतरी सुंदर केलं, ती जागा. ती दाखवली की बाकीचं गाणं ऐकणारा आपलं आपण शोधतो. मल्लिकार्जुन मन्सूरांची कॅसेट देताना मी सांगायचे, "हे फार वेळ नुसती आलापी करत बसत नाहीत, चीज लगेच सुरू करतात. तुम्ही सम गाठतानाच्या शेवटच्या दोन-तीन मात्रा ऐका. आता वेळ उरला नाही असं वाटतं, आणि ते अगदी आरामात पोचतात." अनवट रागांची नावं ऐकून बिचकणारी माणसं या एका वाक्यानं मन्सूरांची झाली. राग खट की बहादुरी तोडी, हे नंतर विचारायला यायची.

दुकानात वाजणारी ध्वनिमुद्रिका काय करू शकते याचा दाखला आमच्या मिरजेशीच जोडलेला आहे. गदगच्या एका शाळकरी मुलाच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पडली. ती शाळेच्या वाटेवरच्या दुकानात वाजत असे, असं सांगतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं. तेवढ्या गाण्यानं तो मुलगा असा झपाटला की आपल्यालाही हे यायला हवं म्हणून 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे तो खाँसाहेबांच्या शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे शिकला आणि पंडित भीमसेन जोशी झाला. ती तबकडी लावणाऱ्या माणसाचं नाव मला कुठे आढळलेलं नाही. पण माझ्या धंद्यातला तो माझा पूर्वज आहे असं मी मानते. आपण लावलेलं कुणाच्या कानावर पडेल आणि त्याचं काय होईल हे लावणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ते लावताना मन लावूनच लावायला हवं.

सांगण्याइतकंच मी ऐकून घ्यायला शिकले. सतारमेकर गल्लीतले एक तंबोऱ्याचे कारागीर दुपारच्या चहाला येत. त्यांना सगळे चाचा म्हणत. एकदा मी कुमार गंधर्वांची कॅसेट लावली होती आणि उत्साहानं त्यांना सांगत होते, कुमारजींना क्षयानं गाठलं, देवासला कशी वर्षं काढली, एका फुप्फुसावर गाणं कसं उभं केलं. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. "बेटी, आधी तंबोरे ऐक. गाणं अजून सुरू व्हायचंय." मी टेप मागे नेली. ते म्हणाले, "जोडी बघ कशी मिळवलीय. तार छेडल्यावर तिच्यातून आपोआप गंधार बोलतोय, ऐकू आला? कुणी वाजवत नाही तो." मग त्यांनी जवारीचं काम समजावलं. भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी तबलीवर बसवलेल्या घोडीचा माथा कानसीनं इतका हलक्या हातानं घासायचा की तार तिला टेकते आणि टेकतही नाही. तारेखाली सुताचा धागा सरकवत एक नेमकी जागा शोधायची. ती सापडली की तार उमलते. पंढरपूरकडच्या भोपळ्यापासून तो झणकार निघेपर्यंत किती हात लागतात तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्यासाठी जगातली प्रत्येक मैफल आधी तंबोऱ्याची होती, नंतर गायकाची. तेव्हापासून कुणाचंही गाणं लावलं की पहिली काही मिनिटं मी चाचांच्या कानानं ऐकते. आपलं ऐकणं दुसऱ्याला द्यायचं असेल तर त्याचंही घ्यावं लागतं, हे त्यांनी शिकवलं.

रेल्वेच्या चाळीत राहणारे एक दादा दर एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कॅसेटी न्यायचे, ढीगभर, आपल्या सगळ्या वस्तीसाठी. एका वर्षी त्यांनी वामनदादा कर्डकांच्या गीतांची कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही तुमच्या तासाला लावा. शब्द ऐका. हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग गाणी लिहिली." मी सकाळी लावली. ढोलकीच्या ठेक्यावर एवढा मोठा विचार इतक्या थोड्या, रोजच्या बोलीतल्या शब्दांत बसू शकतो हे मी तेव्हा अनुभवलं. दादांनीच पुढे दाखवून दिलं की आषाढाच्या कप्प्यात ज्यांची विठ्ठलाची गाणी आहेत ते प्रल्हाद शिंदे एप्रिलच्या कप्प्यातही आहेत. आवाज तोच, कळकळ तीच. आम्ही कप्पे सणांप्रमाणे वेगळे ठेवत होतो आणि गळा मात्र एकच होता. मी दोन्ही कॅसेटी शेजारी ठेवू लागले. वारीला निघालेली माणसं त्या दुसऱ्या कॅसेटकडे बघायची, काही जण वाजवून दाखवायला सांगायचे, आणि काही जण दोन्ही न्यायचे.

दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक हा आमच्या दुकानातला वेगळाच वर्ग. ती माणसं घ्यायला येत नसत, बसायला येत. बेळगाव-विजापूरकडचं एक कुटुंब असंच येऊन बाकावर बसे. मला मोडकं कन्नड येत होतं, त्यांना मोडकं मराठी. काय बोलावं ते सुचेना तेव्हा मी विचारलं, "घरी काय ऐकता?" आजीबाईंनी लगेच सांगितलं, मन्सूरांची वचनं. ख्यालगायक म्हणून मी ज्यांना ओळखत होते त्या मन्सूरांनी बसवण्णा आणि अक्कमहादेवींची वचनंही तितक्याच असोशीनं गायली आहेत. मी ती कॅसेट मागवली आणि दुसऱ्या खेपेला लावली. आजीबाई डोळे मिटून सोबत म्हणू लागल्या आणि मध्येच थांबून मला एकेका ओळीचा अर्थ सांगू लागल्या. त्यांच्या घरातला माणूस पलीकडे दवाखान्यात झुंजत होता आणि त्या मला, एका परक्या बाईला, आपल्याकडची सर्वांत मौल्यवान गोष्ट समजावून सांगत होत्या. दुःखातल्या माणसाला "कसे आहेत आता?" असं सगळेच विचारतात. "तुम्ही काय ऐकता?" असं विचारलं की तो पेशंटचा नातेवाईक राहत नाही, आपलं घर, भाषा, आवड असलेला पुरा माणूस होतो.

आवडलेलं गाणं अनोळखी माणसासाठी निवडण्याची सर्वांत धाडसी गोष्ट घडली ती 1977 साली. अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवायचं ठरलं. कार्ल सेगन यांच्या गटानं तिच्यासाठी साऱ्या जगातून अवघ्या 27 संगीतरचना निवडल्या. त्यात भारताची एकच, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. तिची शिफारस केली रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकानं. पण ती तबकडी मिळेना. शेवटी अ‍ॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. हे वाचलं तेव्हा मला त्या दुकानदाराचंच फार कौतुक वाटलं. पटकन न खपणारी ती तबकडी त्यानं फेकून दिली नव्हती. सप्टेंबर 1977 मध्ये केसरबाई गेल्या, तेव्हा दोन्ही यानं नुकतीच निघाली होती. मुद्दा निवडीचा आहे. ब्राउन यांना भारतातल्या शंभर चांगल्या गोष्टी सांगता आल्या असत्या. त्यांनी आपल्याला मनापासून भिडलेली एक सांगितली आणि तिच्यामागे ठामपणे उभे राहिले. म्हणून ती पोचली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी "गारवा"च्या कॅसेटी घ्यायला कॉलेजची मुलं रांग लावत होती, तेव्हा हा धंदा संपेल असं कुणी म्हटलं असतं तर मी मानलं नसतं. मग सीडी आली, एमपीथ्री आली, एका तबकडीत दीडशे गाणी मावू लागली, आणि पुढे सगळं मोबाइलमध्ये गेलं. अण्णांनी दुकान बंद केलं. मला याचं वाईट वाटतं, पण नव्या साधनांबद्दल माझी तक्रार नाही. ज्या ध्वनिमुद्रणांसाठी आम्ही मुंबईला पत्रं लिहून महिनोन्‌महिने वाट बघायचो, ती आज खेड्यातल्या मुलीला क्षणात ऐकता येतात. ही फार मोठी गोष्ट आहे.

उणीव जाणवते ती सांगणाऱ्या माणसाची. फोनवर रोज गाणी येतात, एकाच वेळी दहा-दहा, पुढे ढकललेली. पाठवणाऱ्यानं स्वतः ती ऐकलीत की नाही हेही कळत नाही. इतकी गाणी दारात येऊन पडली की आपण एकही उघडत नाही. यंत्रही सुचवतं, आणि बऱ्याचदा चांगलंच सुचवतं. पण ते आपण काल ऐकलं त्याच्यासारखंच आज देतं. दूध संघातल्या काकांना त्यानं आयुष्यभर आरत्याच दिल्या असत्या. मला भीमगीतं दिली नसती. आवडीचं कुंपण ओलांडून पलीकडचं काही हातात द्यायला समोर माणूसच लागतो, ज्याला आपण ओळखतो आणि ज्याच्या चेहऱ्यावरून कळतं की हा मनापासून सांगतो आहे.

म्हणून मी अजूनही काउंटरवरचा रिवाज पाळते. जुनी गिऱ्हाइकं, त्यांची मुलं, दोन-चार शेजारी यांना मी गाणं पाठवते ते एका वेळी एकच. आधी स्वतः पुरतं ऐकते. सोबत एक-दोन वाक्यं लिहिते, कुठे थांबायचं आणि काय ऐकायचं याची. काही दिवसांनी फोन करून विचारते, ऐकलं का, काय वाटलं. नाही आवडलं म्हणाले तर का ते विचारते, कारण त्यातूनही मला काही सापडतं. आणि प्रत्येकाला विचारते, तुम्ही सध्या काय ऐकताय?

तर तुम्हालाही सांगते. आमच्या सांगलीच्या मंजिरी असनारे-केळकरांचं जयपूर घराण्याचं गाणं मी वारंवार ऐकते. एका मैत्रिणीच्या मुलानं पाठवलेली, एकतारी घेऊन गाणाऱ्या कडुबाई खरात यांची भीमगीतंही चालू आहेत. रेल्वेच्या चाळीतले दादा असते तर मी ती आधी त्यांना ऐकवली असती. पण तुम्हाला एकच सुचवायचं तर मालिनीताई राजूरकरांचा टप्पा. सप्टेंबर 2023 मध्ये त्या गेल्या, तेव्हापासून मी परत त्यांच्याकडे वळले आहे. गणित शिकलेल्या आणि शिकवलेल्या या बाईंनी ग्वाल्हेर घराण्याचा हा अवघड प्रकार असा गायला की तो अवघड आहे हे ऐकणाऱ्याला जाणवूही नये. टप्प्यात सूर एका जागी टिकून राहत नाही, शब्दागणिक दाणेदार ताना फुटत राहतात. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा शब्दांच्या मागे लागू नका, ते पंजाबी आहेत आणि थोडे आहेत. एवढ्या धावपळीत त्या समेवर किती हलकेच पाऊल ठेवतात आणि पुढच्या तानेसाठी श्वास कुठे घेतात, तेवढंच ऐका. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा बाकीचं आपोआप ऐकू येईल. ऐकलंत की मला कळवा, आणि तुमच्याकडचं एक मला सांगा. एकच, पण त्यातली जागा दाखवून.